खेळण्यातील नगर आणि आठ मिलिमीटरची शिस्त

लेगोच्या ठोकळ्यांच्या खोक्यासोबत एक पुस्तिका येते. कोणता ठोकळा कोठे बसवायचा, हे तीत चित्रांनी दाखविलेले असते. त्या क्रमाने गेले की खोक्यावर छापलेली अग्निशमन गाडी किंवा उपाहारगृह तयार होते. मात्र या छंदात मुरलेली मुले आणि प्रौढ पुस्तिकेपाशी थांबत नाहीत. ते स्वतःच्या कल्पनेने वाहने आणि इमारती रचतात, त्या एका मोठ्या मेजावर मांडतात आणि हळूहळू एक छोटे नगर उभे राहते. पुस्तिकेविना घडविलेल्या अशा रचनेला या वर्तुळात ‘माय ओन क्रिएशन’, संक्षेपाने ‘एमओसी’ म्हणतात.

वरवर पाहता हा निखळ कल्पनाशक्तीचा खेळ वाटतो. कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या गणनेनुसार दोन बाय चार आकाराचे, एकाच रंगाचे अवघे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. सहा ठोकळ्यांची ही कथा, तर हजारो ठोकळ्यांच्या नगराची काय गणती! परंतु शक्यता अगणित असल्या तरी नगर त्यांतून आपोआप घडत नाही. शेजारच्या दोन इमारती, त्यांच्यामधला रस्ता आणि त्यावरील गाडी यांचे माप एकमेकांशी जुळले, तरच त्याला नगर म्हणता येते. म्हणून या छंदातील पहिला आणि सर्वांत कठीण निर्णय मापाचा असतो.

रस्ता आधी, मोटार नंतर

डेन्मार्कमधील बिलुंड या गावातील सुतार ओले किर्क क्रिस्तियान्सेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनविण्यास प्रारंभ केला. ‘चांगले खेळ’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून दोन वर्षांनी ‘लेगो’ हे नाव आले. प्लॅस्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये निघाले; पण ते आतून पोकळ असल्याने त्यांची पकड सैल होती. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले किर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी नव्या जोडणीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसविल्यामुळे खालच्या ठोकळ्याचे गोल उंचवटे, म्हणजे ‘स्टड’, त्यांत घट्ट धरले जाऊ लागले. त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो.

नगराची कल्पना मात्र या एकस्वाहून जुनी आहे. १९५५ मध्ये कंपनीने ‘टाउन प्लॅन’ बाजारात आणला. रस्ते आखलेला पट, त्यावर ठोकळ्यांची घरे आणि सोबत छोट्या मोटारी असे त्याचे स्वरूप होते. मुलांना रहदारीचे नियम खेळता खेळता उमजावेत, हाही त्यामागील एक हेतू होता. या मोटारी रचायच्या नव्हत्या. त्या तयार मिळत आणि खऱ्या मोटारीच्या एक सत्त्याऐंशीअंश असत. ठोकळ्यांत बसणारे चाक १९६२ मध्ये आले आणि तेव्हापासून वाहन हीसुद्धा रचण्याची वस्तू झाली. पुढे १९७८ मध्ये हातपाय हलविणारी, पिवळ्या चेहऱ्याची सुमारे चार सेंटीमीटर उंचीची बाहुली आली. नगराला रहिवासी मिळाले. पण मापाचा पेचही तिथूनच सुरू झाला.

बाहुलीचा पेच

दोन शेजारच्या स्टडच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, तर ‘प्लेट’ नावाच्या पातळ तुकड्याची ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची भरते. वाहन असो वा वाडा, सारे या तीन आकड्यांत बसवावे लागते.

आता बाहुलीकडे पाहावे. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाच्या जागी चार सेंटीमीटरची बाहुली धरली, तर नगराचे प्रमाण सुमारे १ : ४२ ठरते. या हिशेबाने १.७ मीटर रुंदीची मोटार पाच स्टड रुंद व्हायला हवी. पण बाहुली माणसाच्या मानाने बरीच आडवी आहे. हात धरून तिची रुंदी जवळजवळ तीन स्टड भरते. दोघींना शेजारी बसवायचे तर आतच सहा स्टड लागतात आणि बाजूंच्या भिंती त्याहून वेगळ्या. उंची एक प्रमाण सांगते आणि रुंदी दुसरेच.

या पेचाला एकच बरोबर उत्तर नाही. लेगोच्या जुन्या नगरमालिकेतील मोटारी चार स्टड रुंद असत आणि त्यांत एकटा चालक मावे. पुढे सहा स्टड रुंदीच्या गाड्या रूढ झाल्या. शर्यतीच्या गाड्यांची ‘स्पीड चॅम्पियन्स’ ही मालिका २०२० मध्ये सहावरून आठ स्टडवर गेली; तेव्हा दोघांना शेजारी बसण्याजोगी जागा झाली आणि गाडीची वळणेही अधिक रेखीव झाली.

मग सर्वच गाड्या आठ स्टडच्या का करू नयेत? याचे उत्तर रस्ता देतो. सहा स्टडच्या दोन गाड्या समोरासमोरून जाण्यासाठी, दोहोंच्या मध्ये आणि कडांना एकेक स्टड मोकळा सोडला तर पंधरा स्टड पुरतात. आठ स्टडच्या गाड्यांना एकोणीस लागतात. एका रस्त्यामागे चार स्टड, म्हणजे ३.२ सेंटीमीटर वाढले. नगरात दहा समांतर रस्ते असतील तर ही वाढ ३२ सेंटीमीटर होते. एका इमारतीचा नेहमीचा भूखंड ३२ स्टडचा, म्हणजे २५.६ सेंटीमीटरचा असतो. केवळ मोटारींच्या ऐटीपायी इमारतींची एक अख्खी रांग मेजावरून नाहीशी होते. खऱ्या शहरांनाही हा प्रश्न नवा नाही.

वाहन चाकापासून, इमारत खिडकीपासून

वाहन रचताना अनुभवी मंडळी छपरापासून नव्हे, चाकापासून सुरुवात करतात. चाके आणि त्यांवरील कमानी ठराविक आकारांतच मिळतात. चाक निवडले की दोन चाकांमधील अंतर, त्यावरून सांगाडा आणि शेवटी वरचे अंग ठरते. दहा मीटर लांबीची प्रवासी बस १ : ४२ प्रमाणाने सुमारे तीस स्टड लांब होईल, जवळजवळ एका इमारतीएवढी. तेव्हा ती वीस स्टडवर आणली जाते. मात्र सर्व भाग सारख्या प्रमाणात आखडून चालत नाही. खिडक्यांची संख्या कमी केली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. दर्शनी काच, दाराची जागा आणि रंगाचा पट्टा चुकला तर बस ओळखूच येत नाही.

इमारतीत हेच काम खिडकी करते. खिडक्या-दारांच्या चौकटी तयार मिळतात. त्यांच्या मापावर दर्शनी भिंतीची लय ठरते. भिंत रचताना गवंडी जशी सांधेमोड करतो, तशी येथेही करावी लागते. वरच्या ठोकळ्याचा सांधा खालच्या सांध्यावर आला की भिंत तेथेच उकलते. नक्षी, पाट्या आणि कोनाडे यांसाठी बाजूला स्टड असलेले खास ठोकळे वापरून तुकडे आडवे बसवितात. या ठिकाणी मापांतील एक सोयीचे गणित कामी येते. पाच प्लेटची जाडी १६ मिलिमीटर होते आणि दोन स्टडची रुंदीही तेवढीच. त्यामुळे आडव्या आणि उभ्या रचना एकमेकींत फट न राहता बसतात.

२००७ मध्ये ‘कॅफे कॉर्नर’ या संचाने इमारतींच्या रचनेला एक शिस्त लावून दिली. ३२ बाय ३२ स्टडचा पाया, वेगळे उचलता येणारे मजले आणि शेजारच्या इमारतीशी खुंटीने जोडण्याची ठराविक जागा. मजल्यांमधील थरावर बहुतांशी स्टडविरहित गुळगुळीत तुकडे असल्यामुळे वरचा मजला सहज सुटतो आणि आतील खोल्या पाहता येतात. हीच रीत पुढे असंख्य हौशी रचनाकारांनी स्वीकारली. त्यामुळे वेगवेगळ्या घरांत घडलेल्या इमारती प्रदर्शनात एकाच रस्त्यावर शेजारधर्माने उभ्या राहू शकतात.

काय वगळायचे?

नगर जितके ओळखीचे, तितका वगळण्याचा प्रश्न बिकट होतो. पणजीतील अटल सेतू सुमारे पाच किलोमीटर लांबीचा आहे. बाहुलीच्या प्रमाणाने तो रचायचा तर सुमारे ११८ मीटर लांबीचे मेज लागेल. म्हणून रचनाकार संपूर्ण पूल करीत नाही. पुलाची ओळख ठरणारा मधला भाग, त्याचे खांब आणि ताणलेल्या तारा तेवढ्या घेतो.

गोव्यातील जुन्या घराचेही तसेच. खोल्या किती, यापेक्षा लाल कौलांचा उतार, शिंपल्यांच्या तुकड्यांची खिडकी आणि बाल्कांवातील समोरासमोरची बैठक यांवर त्या घराची ओळख अवलंबून असते. उतरते ठोकळे ठराविक कोनांतच मिळतात. तेव्हा छपराचा कोन आधी ठरवून भिंतीची उंची त्याला जुळवून घ्यावी लागते. शिंपल्याच्या खिडकीसाठी पारदर्शक नव्हे, दुधी छटेचे छोटे तुकडे शोधावे लागतात. बैठक बाहुलीला बसता येईल एवढी रुंद केली, तर बाल्कांव घराच्या मानाने मोठे होते. येथे थोडी अतिशयोक्ती क्षम्य ठरते. कारण त्या घराचा आत्मा तेथेच आहे.

ठोकळे विकत घेण्यापूर्वी संगणकावर रचना करून पाहण्याची सोय आता आहे. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही प्रणाली तयार करून या वाटेचा पाया घातला. सुटे तुकडे विकणाऱ्यांना एकत्र आणणारी ‘ब्रिकलिंक’ ही बाजारपेठ २००० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीने ती घेतली. तिची ‘स्टुडिओ’ ही आज्ञावली विनामूल्य आहे. संगणक तुकड्यांची यादी काढून देतो आणि हवा तो तुकडा हव्या त्या रंगात मिळतो की नाही, हेही सांगतो. या तपासणीवाचून केलेला आराखडा अनेकदा एका दुर्मीळ रंगापायी अडतो किंवा खर्चिक ठरतो. मात्र पडद्यावर ताठ उभी असलेली भिंत हातात घेतल्यावर वाकू शकते. म्हणून लांब छज्जे, उंच मनोरे आणि वाहनांचे सांगाडे कोणत्याही रंगाच्या जुन्या ठोकळ्यांत आधी रचून पाहणे हिताचे.

खोक्यातील पुस्तिका बिलुंडच्या आराखड्यावर बेतलेले नगर देते. ते देखणे असते, पण ते सर्वांचे सारखेच असते. बाल्कांव असलेले घर किंवा मांडवीवरील फेरीबोट हवी असेल, तर ती कोणीतरी मापात बसवून घडवावी लागते. त्यासाठी आपल्या गावाकडे नीट पाहावे लागते. कोणती गोष्ट गेली तरी गाव तेच राहते आणि कोणती गेली की ते परके होते, याचा निवाडा आठ मिलिमीटरच्या चौकटीत करावा लागतो. तो निवाडा पुस्तिकेत छापलेला नसतो.