उलटी लटकणारी जांभळी गोगलगाय

पावसाळ्यात समुद्रावरून जोराचा वारा सुटला की कोकण-गोव्याच्या वाळूत कधीकधी जांभळा, कागदासारखा पातळ शंख सापडतो. तो जांथिना जांथिना या गोगलगायीचा! जेमतेम 3-4 सेंमी. ही गोगलगाय तळाशी रांगत नाही. पायाने हवा पकडून चिकट स्रावाचे बुडबुडे करते आणि त्या तराफ्याला उलटी लटकून भर समुद्रात तरंगते. तराफा सुटला की संपलं, कारण तिला पोहता येत नाही. उलटी असल्याने शंखाची गडद बाजू वर, फिकी खाली; वरून पक्ष्याला दिसत नाही, खालून माशाला. काय डोकं आहे! खाणं? चक्क विषारी, जेलीफिशसारखे ब्लू बॉटलसुद्धा. तेही त्याच वाऱ्याने किनाऱ्यावर येतात, म्हणून शंख उचलण्याआधी आजूबाजूला बघा, ब्लू बॉटलचे धागे वाळूत पडूनही डसतात.