सॅम गिल्मरचा इसामू नोगुची

1922 साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्टच्या शाळेतून जो मुलगा बाहेर पडला, त्याला गावात सगळे सॅम गिल्मर म्हणत. गिल्मर हे आईचं आडनाव. लिओनी गिल्मर ही अमेरिकन लेखिका. वडील जपानी कवी योने नोगुची. जपानच्या चीनवरच्या आक्रमणावरून 1938 मध्ये रवींद्रनाथांशी ज्यांचा जाहीर पत्रवाद झाला, तेच हे. 1904 मध्ये लॉस एंजेलिसला मुलगा जन्मला, तेव्हा ते जपानला निघून गेले होते. मुलाचं बालपण जपानात गेलं खरं, पण वाढवलं आईनेच. 1918 मध्ये तिने त्याला एकट्याला अमेरिकेला शिकायला धाडलं.

न्यू यॉर्कमध्ये डॉक्टरकीचा अभ्यास सोडून तो 1924 मध्ये शिल्पकलेकडे वळला आणि इसामू नोगुची हे नाव लावू लागला. ज्या बापाने जवळ केलं नाही, त्याचंच आडनाव! जपानला येणार असशील तर नोगुची म्हणून येऊ नकोस, असं वडिलांनी पुढे कळवलं. 1931 मध्ये इसामू गेले, ते त्याच नावाने. याला मी हट्ट म्हणणार नाही. वारसा कोणी देईल म्हणून वाट पाहायची नाही, तो आपण उचलायचा, हे त्यांनी तिथेच ठरवलं असं मला वाटतं.

त्याची किंमत दोन्ही देशांनी वसूल केली. 1942 मध्ये अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं. नोगुची न्यू यॉर्कचे रहिवासी, त्यांच्यावर सक्ती नव्हती. तरी ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत ते आपणहून गेले. तिथल्या लोकांसाठी बागा, खेळाची मैदानं, पोहण्याचे तलाव यांचे आराखडे त्यांनी काढले. सरकारने त्यातलं काही बांधलं नाही, आणि आपणहून आलेल्या या माणसाला बाहेर पडायलाही काही महिने परवानगीची वाट पाहावी लागली.

दहा वर्षांनी हिरोशिमा. वास्तुविशारद केंझो तांगे यांनी बोलावल्यावरून नोगुचींनी शांती उद्यानाजवळच्या दोन पुलांचे कठडे घडवले. एकाच्या टोकाला उगवत्या सूर्यासारखा गोल आहे, दुसऱ्यात नावेचा सांगाडा. मृतांच्या स्मारकासाठी त्यांनी काळ्या ग्रॅनाइटची जाडजूड कमान योजली होती, जमिनीखाली पाय रोवलेली. ती नाकारली गेली. बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्या नागरिकाकडून हे स्मारक नको, ही भावना त्यामागे होती. हिरोशिमाच्या लोकांचं दुःख समजतं. पण पोस्टनमध्ये जो माणूस जपानी ठरला होता, तो इथे अमेरिकन ठरला, हे विसरता येत नाही.

1951 पासून त्यांनी जपानमधल्या गिफूच्या कंदील कारागिरांबरोबर तुतीच्या सालीचा कागद आणि बांबूच्या पट्ट्या वापरून ‘आकारी’ दिवे केले. आत मेणबत्तीऐवजी विजेचा दिवा. प्रत्येकावर सूर्य आणि अर्धचंद्राचा शिक्का असे. पुष्कळांनी त्यांना घरसजावटीचं सामान समजून बाजूला ठेवलं. नोगुचींनी मात्र ते शिल्पच मानले. 1986 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात अमेरिकेच्या दालनात एकट्या नोगुचींचं प्रदर्शन होतं. दालनाबाहेर पांढऱ्या संगमरवरातली ‘स्लाइड मंत्र’ ही मुलांना घसरता येईल अशी घसरगुंडी उभी होती. 1949 मध्ये भारतात त्यांनी पाहिलेली जंतरमंतर वेधशाळा तिच्या आकारात दिसते. आणि आत, अमेरिकेच्या नावाने, गिफूचे कागदी दिवे लावले होते.