वऱ्हाडचा कापूस आणि लंडनची तटस्थता

आजचा यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, ते वऱ्हाड इंग्रजांनी लढून जिंकलेले नाही. तैनाती फौजेचा खर्च आणि थकलेले कर्ज यांच्यापोटी १८५३ च्या तहाने निजामाकडून त्याचा कारभार कंपनीकडे आला. पैशाच्या तगाद्याने परके राज्य कसे वाकवायचे, हे इंग्रजांना कोणी शिकवायला नको होते. म्हणूनच दहा वर्षांनी त्यांच्यावर झालेला तोच प्रयोग पाहण्यासारखा आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १३ मे रोजी ब्रिटनने तटस्थता जाहीर केली. दक्षिणेच्या बागाईतदारांचा हिशेब सरळ होता: कापूस अडवला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि लंडन झक मारत आपल्याला मान्यता देईल. गिरण्या खरोखरच बंद पडल्या, मजुरांची उपासमार झाली. मान्यता मात्र मिळाली नाही. याचे एक कारण आपल्याकडचे होते. ब्रिटनच्या कापूस आयातीत हिंदुस्थानचा वाटा १८६० मध्ये सुमारे १६ टक्के होता, तो १८६२ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला. एकूण आयात घटली होती, हे खरे. शिवाय आखूड धाग्याच्या या मालाला, मग तो वऱ्हाडचा का असेना, लिव्हरपूलवाले सरसकट ‘सुरती’ म्हणून नाक मुरडत. पण गिरणीमालकांना दुसरी वाट मिळाली, ती याच कापसाची.

मग दक्षिणेने पैशाचा डाव टाकला. मार्च १८६३ मध्ये एर्लांगर या पेढीमार्फत ३० लाख पौंडांचे, ७ टक्के व्याजाचे कर्जरोखे युरोपात विकायला काढले. (बोंडांवर काढलेले हे बाँड!) रोख्याच्या बदल्यात सहा पेन्स रतल दराने कापूस मिळणार होता; लिव्हरपूलचा भाव त्याच्या तिपटीहून अधिक होता. मेख एवढीच, की तो माल दक्षिणेतच ताब्यात घेऊन नाकेबंदीतून बाहेर काढायचा. तरी रोख्यांवर उड्या पडल्या. हे रोखेधारक आपल्या बाजूने बोलतील, ही आशा त्यामागे होती. पण महिनाभरातच भाव कोसळू लागला आणि तो सावरण्यासाठी दक्षिणेच्या वकिलांना कर्जातून उभ्या राहिलेल्या पैशानेच स्वतःचे रोखे परत विकत घ्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, दक्षिणेसाठी बांधल्या जात असलेल्या दोन युद्धनौका ब्रिटिश सरकारने अडकवून ठेवल्या.

माझ्या मते या तटस्थतेचे श्रेय एकट्या लंडनच्या मुत्सद्द्यांना देणे बरोबर नाही. खामगाव-अमरावतीच्या बाजारात गाड्या रिकाम्या करणाऱ्या शेतकऱ्याचा त्यात वाटा होता, फक्त त्याला कोणी विचारले नव्हते. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव गडगडले, १ जुलैला मुंबईचा सट्टाबाजार बसला. दक्षिणेचे रोखे रद्दी झाले. ते कर्ज फेडण्यास १८६८ च्या घटनादुरुस्तीने बंदीच घातली. चढ्या भावाच्या भरवशावर वऱ्हाडात काढलेली कर्जे मात्र सावकाराच्या वहीत तशीच राहिली.