गोलरक्षकाची पट्टी

समजा, उमरीच्या मैदानावर गोल राखणाऱ्या मुलासमोर धनराज पिल्ले चेंडू घेऊन आले! पुण्याच्या खडकीत वाढलेला हा हॉकीपटू १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळला. मुलाचे हात कमी पडतील का?

प्रयोग करा. मित्राने उभी धरलेली पट्टी त्याने सोडताच बोटांत पकडा. ती साधारण २० सेंटिमीटर घसरते, म्हणजे ०.२ सेकंद गेले. कसलेल्या खेळाडूचा आकडाही फारसा वेगळा नसतो.

आता गणित. ‘डी’ची कड गोलापासून १४.६३ मीटरवर असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू तेथून ०.७३ सेकंदांत येतो. १०८ चा ०.४९ सेकंदांत. दोन्हींतून ०.२ वजा करा. हालचालीला उरले ०.५३ आणि ०.२९ सेकंद. वेग दीडपट, वेळ मात्र जवळजवळ निम्मा!

म्हणून अव्वल गोलरक्षक चेंडू सुटण्याची वाट पाहत नाही. मारणाऱ्याचे खांदे, पाय आणि स्टिक पाहून तो दिशा आधीच ताडतो. ही नजर असे असंख्य फटके झेलूनच येते. उमरीच्या मुलाची बोटे मंद नाहीत; त्याला वेगवान चेंडू हवे आहेत.