ट्रान्झिस्टरचा स्टीरिओ पूर्वप्रवर्धक

जबलपूर शहरातील कांचघर ह्या वस्तीच्या नावातच काच आहे. ध्वनिप्रवर्धनाचे शास्त्रही आपली पहिली काही दशके काचेच्याच घरात राहिले. निर्वात काचनळीत तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडी आणि मधली जाळी त्यांच्या प्रवाहास आवर घाली. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन ह्यांनी ट्रान्झिस्टर घडविला, आणि जाळीचे काम स्फटिकाच्या लहानशा तुकड्याकडे आले. तो प्रथम जर्मेनियमचा होता. पुढे सिलिकॉनचा झाला, म्हणजे ज्या वाळूची काच होते तिच्यातीलच मूलद्रव्याचा.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्-दाब फार तर काही मिलिव्होल्ट असतो. ध्वनिक्षेपक हलविणाऱ्या मुख्य प्रवर्धकास मात्र काही शेकडा मिलिव्होल्ट लागतात. ही तफावत भरून काढणे हेच पूर्वप्रवर्धकाचे काम होय.

ट्रान्झिस्टरला तीन अग्रे असतात: उत्सर्जक, आधार व संग्राहक. आधारात शिरणारा अत्यल्प प्रवाह बदलला की संग्राहकातील प्रवाह त्याच्या सुमारे दोनशे पटीने बदलतो. संग्राहक आणि १२ व्होल्टचा पुरवठा ह्यांच्यामध्ये ४,७०० ओह्मचा रोधक घालावा. प्रवाहातील चढउतार त्याच्यावर दाबाचे चढउतार होऊन उमटतात. परंतु ध्वनीची लहर धन-ऋण अशी दोन्हीकडे डोलते, म्हणून ट्रान्झिस्टर आधीपासूनच मध्यम प्रवाहावर चालता ठेवावा लागतो. त्यासाठी पुरवठ्यापासून आधारापर्यंत ४७,००० ओह्म व आधारापासून भूमीपर्यंत १०,००० ओह्म असे रोधक जोडले की आधारावर सुमारे २.१ व्होल्ट मिळतात. उत्सर्जक त्याहून ०.६५ व्होल्टने खाली राहतो. त्याच्या वाटेत एकूण १,००० ओह्म असल्यास प्रवाह सुमारे १.४५ मिलिअँपियर होतो आणि संग्राहक ५ व्होल्टच्या आसपास स्थिरावतो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या मार्गांवरील संधारित्रे हा स्थिर दाब अडवितात, लहर तेवढी जाऊ देतात.

उत्सर्जकाचा रोधक प्रथमदर्शनी निरुपयोगी वाटतो. वस्तुतः सारा भार त्याच्यावरच आहे. जबलपूरला जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४२ वर चढतो. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला तोच प्रवाह वाहण्यास दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. ३२ अंशांत ही घट ६४ मिलिव्होल्ट होते. आधार-उत्सर्जकांतील दाब तसाच कायम ठेवला, तर एवढ्याने प्रवाह दहापटीहून अधिक वाढेल आणि आवाज फाटेल. उत्सर्जकात रोधक असला म्हणजे प्रवाह वाढताच त्यावरील दाब वाढतो आणि आधाराची ओढ आपोआप सैल पडते. वाढ जेमतेम साडेचार टक्क्यांवर थांबते.

हाच रोधक दोन तुकड्यांत, १०० व ९०० ओह्म असा, घालावा आणि ९०० वर मोठे संधारित्र समांतर जोडावे. स्थिर प्रवाहाला दोन्ही दिसतात, लहरीला केवळ १००. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा सुमारे १७ ओह्म रोध त्यात मिळविला की प्रवर्धन ४,७०० भागिले ११७, म्हणजे अदमासे चाळीसपट होते. ५ मिलिव्होल्टचे २०० झाले!

आता स्टीरिओ. इंग्लंडमध्ये अॅलन ब्लूमलाइन ह्यांनी १९३१ साली ह्या पद्धतीचे एकस्व मागितले. डाव्या व उजव्या ध्वनीसाठी वरील मंडल दोनदा बांधावयाचे, एवढेच वरवर दिसते. अडचण अशी की एकाच जातीच्या दोन ट्रान्झिस्टरांत एकाचे गुणन २०० तर दुसऱ्याचे ४०० असू शकते. प्रवर्धन त्याच्यावर अवलंबून असते, तर मध्यभागी बसलेला गायक एका बाजूस सरकल्याचा भास झाला असता. आपल्या मंडलात ते मुख्यतः रोधक ठरवितात, आणि एक टक्का अचूकतेचे रोधक सहज मिळतात. पुरवठ्यातून एका मार्गाचा ध्वनी दुसऱ्यात झिरपू नये म्हणून प्रत्येकास वेगळा लहान रोधक व भूमीशी जोडलेले संधारित्र द्यावे. आवाज कमीजास्त करणारे दोन परिवर्ती रोधक एकाच दांड्यावर बसवावेत.

पारख सोपी आहे. एकच मायक्रोफोन दोन्ही मार्गांना जोडून बोलावे. आवाज दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मधून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो एकीकडे झुकला, तर ट्रान्झिस्टर बदलण्यापूर्वी १०० ओह्मचे दोन रोधक मोजून पाहावेत.