भोंग्याला दिव्याची जोड हवी

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात शेजारच्याशी बोलायचे तरी कानाशी तोंड न्यावे लागते. अशा खडखडाटात आग लागली आणि घंटा वाजली, तर ती ऐकणार कोण?

इशाऱ्याचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबलने मोठा असावा, असे सुरक्षा मानके सांगतात. मागांचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. भोंगा वाढवत नेला, तर कारागिराच्या कानांना इजा होते. म्हणून भोंग्यासोबत लखलखणारा दिवा हवा. नुसता दिवाही पुरत नाही. माळ्यावर झोपलेल्या कारागिराला भोंगाच जागे करतो.

दुसरा प्रश्न जोडणीचा. सुटी घंटा बिघडली, तरी प्रसंग ओढवेपर्यंत कळत नाही. नेटवर्कमधील प्रत्येक भोंग्याला व दिव्याला स्वतःचा क्रमांक असतो. नियंत्रण पेटी त्यांची सतत हजेरी घेते. एखाद्याने उत्तर दिले नाही, की त्याचा क्रमांक पेटीवर दिसतो. तार पेटीतून निघून पेटीतच परत आणली असेल, तर एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने इशारा पोहोचतो. एका शेडमध्ये बटण दाबले, की सर्व शेडमध्ये इशारा होतो.

खरेदीपूर्वी आपण दोन गोष्टी विचाराव्यात : वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ चालते, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोण येणार? बसवल्यानंतर चाचणी मात्र सर्व माग चालू ठेवूनच घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. बंद कारखान्यात घंटा सर्वांनाच ऐकू येते.