गोष्ठ पाल : अनवाणी पायांची तटबंदी

खेळाडूची थोरवी मोजताना त्याने जिंकलेले चषक प्रथम पुढे मांडले जातात. या हिशेबाने पाहू गेल्यास गोष्ठ पाल यांच्या पदरी फारसे काही पडत नाही. मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर या गोऱ्या पलटणीला नमवून आय. एफ. ए. शील्ड मिळविली ती 1911 साली. आणि कलकत्ता लीगचे विजेतेपद या संघाला प्रथम लाभले ते 1939 साली. गोष्ठबाबूंची कारकीर्द नेमकी या दोन विजयांच्या मधल्या काळात सापडली. तरीही 1962 मध्ये पद्मश्रीचा मान मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. या मानाचे मर्म त्यांच्या खेळात आणि त्या काळात शोधावे लागते.

त्यांचा जन्म 1896 साली फरीदपूर जिल्ह्यातील भोजेश्वर गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. ऐन पौगंडावस्थेत ते मोहन बागानमध्ये आले, आणि पुढे दोन तपांच्या आसपास त्यांनी याच संघाची सेवा केली. ती सर्वस्वी हौशी होती. खेळावर पोट भरावे, ही कल्पनाच त्या काळच्या मैदानावर नव्हती.

गोष्ठबाबू बॅकच्या जागी खेळत. त्या वेळच्या रचनेत गोलरक्षकापुढे दोनच बॅक असत, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच फॉरवर्ड. म्हणजे मधली फळी भेदली गेली, की पाच जणांचा लोंढा या दोघांवर येऊन आदळे. त्यांना आधार असे तो ऑफसाइडच्या नियमाचा. फॉरवर्डपुढे प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावेत, असा दंडक होता. 1925 साली तीनाचे दोन झाले, आणि आघाडीच्या खेळाडूंना रान मोकळे मिळाले. बॅकचे काम एकदम अवघड होऊन बसले. हा बदल गोष्ठबाबूंनी ऐन कारकीर्दीत पचविला. लोकांनी त्यांना ‘चीनची भिंत’ हे नाव दिले ते उगाच नव्हे.

ही भिंत अनवाणी होती, हे विसरून चालणार नाही. समोर लष्करी पलटणींचे धिप्पाड, बूट घातलेले खेळाडू असत. कोरड्या मैदानावर अनवाणी पायाला चपळाईचा लाभ मिळे. पण कलकत्त्याचा हंगाम भर पावसात चाले. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई, चिखलात उघडे पाय घसरत, आणि बुटांची पकड मात्र कायम राहे. 1923 च्या शील्डच्या अंतिम सामन्यात पावसाने भिजलेल्या मैदानावर मोहन बागानला कलकत्ता फुटबॉल क्लबपुढे हार पत्करावी लागली.

नियमही भारतीयांना अनुकूल नव्हते. लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनांहून अधिक भारतीय संघ नसावेत, असा निर्बंध होता. 1925 मध्ये ईस्ट बेंगॉलचा प्रवेश झाला तेव्हा कुठे तो सैल झाला.

अशा काळात 1921 पासून पाच वर्षे गोष्ठबाबूंनी मोहन बागानचे नेतृत्व केले. 1923 साली त्यांचा संघ मुंबईला रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. भारतीय संघाने तेथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ. डरहॅम लाइट इन्फंट्रीने तो सामना जिंकला. परंतु कलकत्त्याची कीर्ती मुंबईकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली. 1925 मध्ये ड्युरँड चषकातही मोहन बागानने उपांत्य फेरी गाठली. 1933 साली सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडेच होते.

1934 मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने लीग जिंकून गोऱ्या संघांची मक्तेदारी मोडली. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सने रोव्हर्स चषक मिळविला. गोष्ठबाबू 1935 च्या सुमारास मैदानाबाहेर झाले होते. 1911 चा विजय हा एका दिवसाचा चमत्कार होता, असे म्हणण्याची सोय त्यांनी वर्षानुवर्षे कोणाला ठेवली नाही. जिंकण्याची वेळ येईपर्यंत न ढासळता उभे राहणे, हेही खेळात कोणाला तरी करावे लागते. 1976 साली त्यांचे निधन झाले. मैदानाजवळच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे आणि तेथे त्यांचा पुतळाही उभा आहे.